तात्पुरत्याला तिथी हवी

आपल्या राज्यकारभारात काही शब्दांचा कोशातला अर्थ एक आणि व्यवहारातला नेमका उलटा असतो. ‘तात्पुरते’ हा त्यांतला अग्रगण्य शब्द होय. तात्पुरती शेड, तात्पुरता निवारा, तात्पुरती परवानगी, तात्पुरते पुनर्वसन अशा नावांनी जे जे उभे राहिले, ते बहुधा टिकले. उलट विकास आराखड्यावर निरनिराळ्या रंगांत कायमचे म्हणून जे रंगवले गेले, त्या मैदानांतले, शाळांतले आणि रुग्णालयांतले बरेचसे कागदावरच राहिले. एखाद्या शहराचा नकाशा आणि ते शहर यांची एकमेकांशी ओळखही पटू नये, अशी आज महाराष्ट्रातील अनेक नगरांची अवस्था आहे. या अवस्थेला बांधकामाच्या नियमांचा अभाव कारणीभूत आहे असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. नियम उदंड आहेत. नियम कोणाला, केव्हा आणि कुठवर लागू करावयाचा याचा निर्णय पुढे ढकलण्याची जी सोय सरकारने आणि पालिकांनी स्वतःसाठी करून घेतली आहे, ती या रोगाचे मूळ आहे. ‘तात्पुरते’ हा शब्द त्या सोयीचेच दुसरे नाव.

या विषयाकडे केवळ प्रशासकीय कटकट म्हणून पाहता येणार नाही, कारण त्याचा हिशेब माणसांच्या मृत्यूंत मांडावा लागतो. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे महापालिकेच्या हद्दीत शीळफाट्याजवळ अवघ्या काही महिन्यांत उभी केलेली एक बहुमजली इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जण प्राणास मुकले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे जेमतेम दशकभराची पाच मजली इमारत जमीनदोस्त होऊन १६ जणांचा बळी गेला. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात एक अजस्र जाहिरात फलक पेट्रोल पंपावर आडवा झाला आणि १७ जण दगावले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे चार मजली इमारतीचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. तेथेही १७ जणांनी जीव गमावला. या चारही घटनांनंतर चौकशीची घोषणा, मदतीचा धनादेश आणि काही दिवसांची धडक कारवाई हा क्रम चुकला नाही. जे घडू नये म्हणून बांधकाम परवानगी नावाची व्यवस्था निर्माण झाली, तेच पुनःपुन्हा का घडते, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी ढिगाऱ्यासमवेत उचलून दूर टाकला गेला.

नियम आले कोठून?

बांधकामाच्या नियमांची आपल्याकडे सर्वसाधारण प्रतिमा अशी आहे, की ते कारकुनांनी नागरिकांच्या छळासाठी रचलेले एक जंजाळ आहे. इतिहास वेगळे सांगतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा अंधाऱ्या, कोंदट आणि माणसांनी खचाखच भरलेल्या चाळींतून तो वणव्यासारखा पसरला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबईत सुधार न्यासाची स्थापना झाली. दोन इमारतींत किती अंतर असावे, खोलीत किती उजेड व वारा यावा, सांडपाणी कोठे जावे, हे नियम त्या अनुभवातून दृढ झाले. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात देशातला पहिला नगररचना कायदा झाला, १९५४ मध्ये विकास आराखडा बंधनकारक ठरला आणि १९६६ मध्ये आजही लागू असलेला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम संमत झाला. या दीर्घ परंपरेचा गाभा एकच आहे. माझ्या जमिनीवर मी काय बांधतो हा केवळ माझा प्रश्न नाही. माझ्या भिंतीचा धोका शेजाऱ्याला असतो, माझ्या मजल्याचा भार गल्लीतल्या जलवाहिनीवर पडतो आणि माझ्या दारातून अग्निशमन दलाची गाडी जाणार की नाही, यावर पलीकडच्या दहा घरांचे भवितव्य ठरते. परवानगी म्हणजे समाजाने शेजाऱ्याला दिलेली हमी होय.

याच प्लेगच्या काळाची दुसरीही एक आठवण महाराष्ट्राच्या गावोगाव आहे. साथ आली की गाव मोकळे करून माणसे माळावर, शेतांत झोपड्या घालून राहत आणि साथ ओसरली की परतत. ती खरी तात्पुरती वस्ती होती, कारण मागे घर होते आणि परतण्याचा दिवस ठाऊक नसला तरी परतायचे आहे हे ठाऊक होते. किल्लारीच्या भूकंपानंतरही असेच घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड धाबी अंगावर येऊन सुमारे आठ हजार माणसे गेली. वाचलेल्यांना पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढावे लागले, तेथला उन्हाळा आणि पावसाळा सोसावा लागला. परंतु सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्याचा निर्णय झाला, भूकंपाला तोंड देऊ शकतील अशी घरे बांधली गेली आणि काही वर्षांत लोक त्यांत राहावयास गेले. त्या पुनर्वसनावर आक्षेप घेण्यासारखे पुष्कळ आहे. गावाची जुनी घडण मोडली, शेत दूर गेले, ही तक्रार खरी आहे. तरीही पत्र्याच्या शेडला शेवट होता, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. तो शेवट होता, कारण कायमच्या घराची जबाबदारी कोणीतरी स्वीकारली होती.

जेथे ती स्वीकारली गेली नाही, तेथे काय होते याचा नमुना म्हणून उल्हासनगरकडे पाहावे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी उभारलेल्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली. बराकींचे नगर झाले, नगराची महापालिका झाली. पण तेथील वस्त्या आजही ‘कॅम्प नंबर एक’, ‘कॅम्प नंबर दोन’ अशाच नावांनी ओळखल्या जातात. कष्टाळू निर्वासितांनी उद्योग उभे केले, कुटुंबे वाढली, बराकीवर मजले चढले आणि मजल्यांच्या इमारती झाल्या. या वाढीला आखणी देण्याचे काम ज्यांचे होते, ते नोटिसा लिहीत बसले. अखेर प्रकरण उच्च न्यायालयात गेले, इमारती पाडण्याचे आदेश झाले आणि सरकारने २००६ मध्ये एका शहरापुरता स्वतंत्र कायदा करून ही बांधकामे दंड आकारून नियमित करण्याची वाट काढली. कायदा झाला, घोषणा झाल्या. इमारतींच्या स्लॅबमधली लोखंडी सळई मात्र कायद्याने मजबूत होत नसते. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत त्याच शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली. कागद नियमित करणे आणि घर सुरक्षित करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हा धडा इतक्या महाग किमतीने शिकण्याची आवश्यकता नव्हती.

कायद्यातली मुदत आणि व्यवहारातली मुदतवाढ

कायदा या बाबतीत मुका नाही. १९६६ च्या अधिनियमाप्रमाणे कोणत्याही विकासकामासाठी पूर्वपरवानगी लागते. अर्ज केल्यापासून साठ दिवसांत निर्णय कळवला नाही आणि प्रस्ताव नियमांना धरून असला, तर परवानगी मिळाली असेच मानावे, अशी त्यात तरतूद आहे. विनापरवाना बांधकाम करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाची कमाल मर्यादा मात्र पाच हजार रुपये आहे. ज्या शहरांत एका सदनिकेची किंमत कोटींत मोजली जाते, तेथे ही रक्कम शिक्षा आहे की शुल्क, असा संभ्रम पडावा. याच अधिनियमाच्या ५५ व्या कलमात तात्पुरत्या स्वरूपाच्या अनधिकृत बांधकामाचा स्वतंत्र विचार आहे. ते पंधरा दिवसांत काढण्याचा आदेश देता येतो आणि तो न पाळल्यास पुढे नोटीस न देता ते हटवता येते. त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग असा, की कोणते बांधकाम तात्पुरते आणि कोणते नव्हे, याविषयी नियोजन प्राधिकरणाचा निर्णय अंतिम असतो. म्हणजे शब्दाची व्याख्या करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती कुदळही.

बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे सोडून उर्वरित महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. तिच्यात तात्पुरत्या बांधकामांची यादी दिलेली आहे. पावसाळ्यापुरते गच्चीवरचे छप्पर, जत्रा व समारंभांचे मांडव, सर्कस व प्रदर्शने, बांधकामाच्या जागेवरील गुदामे व पहारेकऱ्याची चौकी, नव्या इमारतीत पुनर्वसन व्हावयाच्या कुटुंबांचा संक्रमण निवारा अशी ती यादी आहे. परवानगी एका वेळी सहा महिन्यांहून अधिक नाही आणि सर्व मुदतवाढी धरून तीन वर्षांहून अधिक नाही, असे तत्त्व आहे. संक्रमण निवाऱ्यासारख्या काही प्रकारांना अपवाद केला आहे. पण मुख्य बांधकाम पूर्ण झाले की त्यांचाही शेवट ठरलेला. मुंबईची नियमावली स्वतंत्र असली, तरी तिची धाटणी याहून फार वेगळी नाही.

या यादीतला एकच प्रकार आपल्याकडे बऱ्याच अंशी खऱ्या अर्थाने तात्पुरता राहतो आणि तो म्हणजे उत्सवाचा मांडव. रस्ता अडवण्यावरून, खड्ड्यांवरून आणि आवाजावरून मांडवाविषयी कितीही वाद असोत, अनंत चतुर्दशी झाली की बांबू सुटतात, कापड उतरते आणि रस्ता मोकळा होतो. पालिकेच्या धाकाने हे घडते असे समजण्याचे कारण नाही. मांडवाला तिथी असते, ती सर्वांना ठाऊक असते आणि ती लांबवून देण्याचा अधिकार कोणत्याही प्रभाग अधिकाऱ्याला नसतो, म्हणून ते घडते. नाशिकच्या सिंहस्थातही तपोवनात साधुग्रामाचे एक अख्खे नगर उभे राहते. पाणी, वीज, शौचालये, रस्ते, अग्निशमन यांची व्यवस्था होते आणि पर्वणी संपली की ते नगर उठते. तात्पुरते बांधकाम नीट करणे आणि वेळेवर हटवणे आपल्या प्रशासनाला जमत नाही, असे मुळीच नाही. तिथी निश्चित असली की जमते.

याउलट मुंबईची संक्रमण शिबिरे पाहावीत. १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर बसवण्याचा कायदा झाला, तेव्हा अशा इमारती १९,६४२ होत्या. त्या मोडकळीस आल्या की रहिवाशांना संक्रमण शिबिरात हलवावयाचे आणि नवी इमारत झाली की परत आणावयाचे, ही योजना तर्कशुद्ध होती. पण पुनर्बांधणी रखडली, काही जागांवर अरुंद भूखंडामुळे ती अशक्यच ठरली, आणि शिबिरात गेलेली कुटुंबे तेथेच राहिली. त्यांची मुले तेथे वाढली, तेथेच त्यांचे संसार झाले. काही गाळे हस्तांतरित झाले, काहींत घुसखोर आले आणि मूळ रहिवासी कोण याची छाननी हाच एक स्वतंत्र उद्योग होऊन बसला. ‘मुख्य बांधकाम पूर्ण होईपर्यंत’ ही मुदत, मुख्य बांधकाम कधीच पूर्ण झाले नाही की, अमर्याद होते. नियमाच्या अक्षराचा भंग न करता त्याचा आत्मा कसा गमावता येतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. पुण्यातही १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यानंतर ज्या पूरग्रस्तांना शहराच्या कडेला वसवले गेले, त्यांच्या वसाहतींतील जमिनीच्या मालकीचा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ रेंगाळत राहिला.

कटऑफ तारखांचे शास्त्र

तिथी न ठरवण्याच्या या सवयीला आपल्या राजकारणाने एक विलक्षण पर्याय शोधून काढला आहे. बांधकाम केव्हा संपणार ही तारीख ठरवावयाची नाही; ते केव्हापासून क्षम्य मानावयाचे ही तारीख मात्र ठरवावयाची, आणि तीही निवडणुकांच्या सोयीने पुढे सरकवत न्यावयाची. झोपड्यांच्या बाबतीत १९७६ च्या गणनेपासून ही तारीख सरकत आली. १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, आणि पुढे सशुल्क पुनर्वसनासाठी १ जानेवारी २०११. गुंठेवारीच्या भूखंडांना २००१ च्या कायद्याने संरक्षण दिले आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. २०१७ मध्ये नगररचना अधिनियमातच नवे कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या अनधिकृत इमारतींना प्रशमन शुल्क भरून नियमित होण्याचे दार उघडले. २०२५ मध्ये शहरी भागात तुकडेबंदीचे निर्बंध शिथिल करण्याची घोषणा विधिमंडळात झाली.

यांपैकी प्रत्येक निर्णयामागे खरी अडचण होती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. लाखो माणसे ज्या घरांत राहतात, ती सर्व घरे पाडावीत असे सुचवणारा माणूस एक तर व्यवहारशून्य असला पाहिजे किंवा निर्दय. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतील पदपथवासीयांच्या झोपड्या हटवण्याचा जो प्रयत्न झाला, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८५ मध्ये दिलेल्या निकालाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. पदपथावर कायम राहण्याचा हक्क त्या निकालाने दिला नव्हता. पण माणसाला ऐकून न घेता, पावसात, त्याचे छप्पर उपटू नये, एवढी किमान सभ्यता राज्यसंस्थेकडून त्याने मागितली. ही मागणी आजही तितकीच रास्त आहे.

अडचण आहे ती या करुणेच्या पुढच्या प्रवासात. झोपडीसाठी मांडलेला मानवतेचा युक्तिवाद सात मजली इमारतीचा बिल्डर उसना घेतो. ज्याच्यापाशी गावाबाहेर एक गुंठा घेण्याइतकीच पुंजी होती तो कामगार, आणि आरक्षित भूखंड बळकावून तेथे शेकडो सदनिका विकणारा माफिया, हे दोघेही एकाच ‘अनधिकृत’ या शब्दात आणि एकाच कटऑफ तारखेच्या छत्राखाली येतात. पहिल्याचा नाइलाज असतो, तर दुसऱ्याचा व्यवसाय. सरकणारी तारीख पहिल्याला दिलासा देते आणि दुसऱ्याला धंद्याचे गणित शिकवते. आज बांधा, माणसे भरा, पुढली तारीख येईलच. नियम पाळून घर बांधणारा, आर्किटेक्टचे शुल्क भरणारा, सामासिक अंतर सोडणारा नागरिक या व्यवहारात मूर्ख ठरतो. कायदा पाळण्याला किंमत मोजावी लागते आणि मोडण्याला बक्षीस मिळते, अशी व्यवस्था फार काळ चालली की कायदा केवळ दुबळ्यांसाठी उरतो.

आणि अखेर तोफेच्या तोंडी कोण जातो? नालासोपाऱ्यात मलजल प्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडल्या गेल्या, तेव्हा जी कुटुंबे रस्त्यावर आली, त्यांनी सदनिका फुकट घेतल्या नव्हत्या. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचे प्रकरण तर याहून बोलके आहे. तेथे पालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे स्थावर संपदा प्राधिकरणाची नोंदणीही मिळवण्यात आली. नोंदणी पाहून, कर्ज काढून ज्याने घर घेतले, त्याने सावधगिरीत कोणती कसूर केली? राज्यसंस्थेचे एक खाते दुसऱ्या खात्याच्या कागदाची शहानिशा करू शकत नाही, आणि ती करण्याची अपेक्षा मात्र पगारदार कुटुंबाकडून ठेवली जाते. घाटकोपरच्या फलकाची गोष्टही याच कुळातली. ४० फूट लांबी-रुंदीची मर्यादा असताना १२० फूट लांबी-रुंदीचा सांगाडा हमरस्त्यालगत, सर्वांच्या डोळ्यांदेखत उभा होता. तो पडल्यावर जागा कोणाची आणि परवानगी कोणी द्यावयाची, यावर पालिका आणि रेल्वे पोलीस यांत वाद झडला. सतरा माणसांच्या मृत्यूनंतर अधिकारक्षेत्राचा शोध लागावा, हे कोणत्याही सुधारलेल्या प्रशासनाला भूषणावह नाही.

मार्ग कोणता?

२०२४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने जे दोन निकाल दिले, ते एकत्र वाचल्यास या प्रश्नाची दिशा स्पष्ट होते. १३ नोव्हेंबरच्या निकालाने, रस्ता, पदपथ, नदीपात्र यांसारख्या सार्वजनिक जागांचा अपवाद सोडता, पंधरा दिवसांची पूर्वसूचना आणि सुनावणी यांखेरीज कोणाचेही बांधकाम पाडू नये असे बजावले आणि हा दंडक मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः भरपाईची जबाबदारी टाकली. १७ डिसेंबरच्या निकालाने, बांधकाम अनधिकृत असेल तर केवळ काळ लोटला किंवा पैसा गुंतला म्हणून ते वैध होत नाही, हे ठणकावून सांगितले. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावावा, वेळोवेळी तपासणी व्हावी, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा, पाणी आणि वीज देऊ नये, बँकांनीही ते प्रमाणपत्र पाहूनच कर्ज द्यावे, असे निर्देश त्यात आहेत. या दोहोंत विसंगती शोधणारे शोधोत; सामान्य वाचकाला त्यांचा मेळ सहज दिसेल. रीतीशिवाय घर पाडू नये आणि रीतीशिवाय घर उभेही राहू देऊ नये. पहिली मर्यादा बुलडोझरला आहे, दुसरी बिल्डरला. आणि दोन्हींची चावी एकाच अधिकाऱ्याच्या खिशात आहे.

म्हणून सुधारणेला आरंभ त्या खिशापासून करावा लागेल. प्रत्येक प्रभागातील प्रत्येक तात्पुरत्या परवानगीची नोंद, ती कोणी दिली, कशासाठी दिली आणि कोणत्या दिवशी संपते या तपशिलासह, लोकांना पाहता येईल अशी खुली ठेवावी, आणि तीच तारीख त्या शेडवर, फलकावर किंवा निवाऱ्यावर ठळक अक्षरांत लावावी. मुदतवाढ द्यावयाची झाल्यास कारण लेखी नोंदवून वरिष्ठाच्या सहीने द्यावी. संक्रमण निवाऱ्याच्या बाबतीत मुख्य इमारतीचे वेळापत्रक चुकले, तर त्याचा भुर्दंड रहिवाशांवर न पडता विकासकावर किंवा मंडळावर पडावा. जोत्याच्या पातळीवर तपासणी झाल्याखेरीज पुढचा मजला चढू नये, हा नियम आजही आहे; तो पाळला गेला की नाही याची जबाबदारी नावानिशी एका अभियंत्यावर असावी, आणि ती बदलीबरोबर पुसली जाऊ नये. महाडच्या दुर्घटनेनंतर बिल्डरबरोबर नगरपरिषदेच्या माजी मुख्याधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला गेला. हे तत्त्व इमारत कोसळण्यापूर्वी लागू झाले, तर गुन्हा नोंदवण्याची वेळच येणार नाही.

मात्र केवळ कडकपणाने हा प्रश्न सुटेल, असा समज कोणी करून घेऊ नये. कायदेशीर घर बांधणे अवघड, महाग आणि दीर्घसूत्री असेल, तर बेकायदा घरांची संख्या वाढणारच. त्या दृष्टीने २०२० च्या नियमावलीतील एक तरतूद स्वागतार्ह आहे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, नकाशासह सूचना आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी मानली जाते. तीनशे चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी अपेक्षित आहे. लहान घराकडे कमी संशयाने आणि मोठ्या इमारतीकडे अधिक बारकाईने पाहावे, हा विवेक त्यामागे आहे. पण ज्याच्या भूखंडाची विभागणीच नियमित नाही, त्याला या सवलतीचा उपयोग नाही. आणि असे भूखंड घेणारा बहुधा तोच असतो, ज्याला मंजूर आराखड्यातला भूखंड परवडत नाही. तेव्हा शहरांच्या कडेला, शेती विकली जाण्यापूर्वी, रस्ते व गटारे आखून लहान भूखंड रास्त दराने उपलब्ध करून देणे हे नियोजन प्राधिकरणाचे काम आहे. ते न करता गुंठेवारीला नावे ठेवणे म्हणजे विहीर न खणता डबक्याचे पाणी पिणाऱ्याला दोष देणे होय. ग्रामपंचायतीच्या हद्दीतही १९५८ च्या कायद्याने बांधकामास परवानगी लागते. पण नकाशा वाचू शकेल असा एक जाणकार माणूस तालुक्याच्या पातळीवर गावकऱ्याला सहज भेटणार नसेल, तर ती परवानगी ग्रामसेवकाच्या शिक्क्यापुरतीच राहील. किल्लारीने शिकवलेला धडा शहरांपुरता नव्हता.

आणि नियमितीकरण? जे उभे आहे त्याचा निवाडा केव्हातरी करावाच लागेल. पण तो तारखेच्या एका फटकाऱ्याने सरसकट करू नये. ज्या घराची रचना तपासणीत सुरक्षित ठरते, जे रस्त्यावर, नाल्यात वा शाळेच्या जागेवर नाही, ते शुल्क घेऊन नियमित करण्यास हरकत असण्याचे कारण नाही. जे धोकादायक आहे ते रिकामे करून त्यातील माणसांना, घर मिळण्याची निश्चित तारीख असलेला निवारा द्यावा. जे सार्वजनिक आरक्षणावर आहे, तेथील खरेदीदारांची भरपाई ज्याने ते विकले त्याच्या मालमत्तेतून वसूल व्हावी. हे काम किचकट आहे, त्यात मते नाहीत, आणि एकेका इमारतीसमोर उभे राहून ते करावे लागेल. कटऑफ तारीख पुढे नेणारा अध्यादेश त्या मानाने एका रात्रीत निघतो. म्हणूनच आजवर अध्यादेश निघाले आणि हे काम राहिले.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पालिका धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करतात आणि रहिवाशांना घरे रिकामी करण्याच्या नोटिसा धाडतात. जावे कोठे, याचे उत्तर त्या नोटिशीत नसते. परत केव्हा यावे, याचे तर नसतेच. म्हणून माणसे मोडक्या छपराखालीच थांबतात आणि आभाळाकडे पाहत पावसाळा काढतात. त्या नोटिशीत या दोन ओळी ज्या वर्षी लिहिल्या जातील आणि त्या पाळल्याही जातील, त्या वर्षापासून या राज्यात नगररचनेला खऱ्या अर्थाने आरंभ झाला असे म्हणता येईल. तोवर आपण शहरे वसवत नाही, केवळ मुदती वाढवत आहोत.